पंखाचें चित्र आणि पक्ष्याचे प्राण

युरोपांतील जुन्या धार्मिक चित्रांत देवदूतांचे पंख पुष्कळदां शोभेपुरतेच असत. पंख म्हणजे पावित्र्याची खूण. मग त्यांतील पिसांची मांडणी खऱ्या पक्ष्याशीं ताडून पाहण्याची निकड ती काय? ही दृष्टि पालटल्याची साक्ष व्हिएन्ना येथील आल्बर्टिना संग्रहालयांत आहे. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानें चर्मपत्रावर रंगविलेला तो एक तुटका पंख आहे. त्यावर १५१२ हा सन घातलेला आहे. पक्षी आपल्याकडे दसऱ्याला ज्याचें दर्शन शुभ मानतात त्या चासाच्याच कुळांतला.

ड्यूररला पंखांत जें दिसलें, तें नुसतें रंगांचें वैभव नव्हतें. ती एक व्यवस्था होती. टोकाकडील लांब पिसें पक्ष्याला पुढें रेटतात. आंतल्या बाजूच्या पिसांची रांग त्याला हवेंत तोलून धरते. आणि दोहोंच्या मुळांवर लहान पिसें कौलांप्रमाणें एकावर एक बसलेलीं असतात. लांब पिसाची वारा कापणारी कड अरुंद, तर मागची रुंद असते. हा क्रम ज्याला उमगला नाहीं, त्यानें हजार बारीक रेघा ओढल्या तरी पंख होत नाहीं, केरसुणी होते.

रेघेचें हें काम पुढें शिसपेन्सिलीनें सोपें केलें. नांवांत शिसें असलें तरी तिच्यांत शिसें नाहीं. १६ व्या शतकांत इंग्लंडांतील बॉरोडेल येथें सांपडलेलें ग्राफाइट तेव्हां शिशाचाच प्रकार समजलें गेलें. पुढें इंग्लंडशीं युद्ध जुंपल्यामुळें फ्रान्सला तें मिळेनासें झालें, तेव्हां १७९५ सालीं निकोला-झाक काँते यानें ग्राफाइटची पूड व चिकणमाती मिसळून कांड्या भाजण्याची युक्ति काढली. मातीचें प्रमाण बदलून पेन्सिल कठीण वा मऊ करतां येऊं लागली. कठीण टोकानें पिसाचा दांडा व तंतू काढावे, मऊ टोकानें पिसाखालची गडद सावली भरावी, अशी सोय झाली.

परंतु उडता पक्षी चित्रकारासाठीं थांबत नाहीं. म्हणून अमेरिकेंतील जॉन जेम्स ऑडुबॉन पक्षी मारून, चौकटी आंखलेल्या फळीवर तारांच्या आधारानें त्यांना जिवंत असल्यासारखे बसवी. रंगावर पेन्सिल फिरवून तो पिसांची झळाळी साधी. १८२७ ते १८३८ या काळांत निघालेल्या त्याच्या ग्रंथांत ४३५ चित्रें आहेत. त्यांतील जिवंतपणाची किंमत पक्ष्यांनीं प्राण देऊन भरली.

१८३० सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८ वर्षांचा एडवर्ड लिअर पोपटांचीं चित्रें काढूं लागला. शक्य तेथें जिवंत पक्षीच समोर हवा, हा त्याचा आग्रह. सेवक पोपट धरून ठेवी आणि लिअर पंखांचीं मापें घेई. मग पेन्सिलीनें आकृति काढून समासांत रंगांच्या नोंदी करी. तीं चित्रें त्यानें स्वतःच शिळेवर उतरविलीं, आणि १८३२ पर्यंत त्यांतील ४२ छापून निघालीं.

ड्यूररच्या तुटक्या पंखांत रचना दिसते. लिअरच्या पोपटाचा मिटलेला पंख आतां उघडेल असें वाटतें. खरा पंख काढण्यास पिसांचा क्रम कळावा लागतो, हें ड्यूररनें दाखविलें. त्यासाठीं प्रत्येक वेळीं पक्षी मारावाच लागतो असें नाहीं, हें लिअरनें.