चिल्लरीतलं नाणं खरंच लाखाला जातं का?

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी उर्दू शिकवणाऱ्या मास्तराला शाळेबाहेर आणखी एक काम असतं. लोक त्याच्याकडे वाचून घ्यायला येतात. आजोबांचं खरेदीखत, कबरीवरचा दगड, शेतात सापडलेलं तांब्याचं नाणं. बी.एड.ला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण वीस वर्षांत सवय झाली. पूर्वी लोक विचारायचे, "सर, क्या लिखा है इसपे?" आता विचारतात, "सर, ये कितने को जाता?"

मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याची आई आली. शिलाई करून घर चालवणारी बाई, आम्ही सगळे तिला बाजी म्हणतो. पिठाच्या डब्यातून आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक 786 आकडा असलेली दहाची नोट आणि एक वैष्णोदेवीचं चित्र असलेलं दहाचं नाणं. मोबाईलवरच्या व्हिडिओत दोन्हींचे भाव लाखांत सांगितले होते. मला तास घ्यायला जायची घाई होती. "ठेवून द्या, काय सांगावं," असं हसत म्हणून मी निघालो. दोन महिन्यांनी कळलं की तिने कुणाला तरी आधी 1,100 रुपये 'फाईल चार्ज' आणि मग 4,500 रुपये 'टॅक्स' पाठवला होता. त्यानंतर तो नंबर लागला नाही. माझं ते "काय सांगावं" तेव्हापासून मला टोचतंय. तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता लिहितो.

सुरुवात आकड्यापासून करू. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अब्जद पद्धतीने बेरीज केली की 786 येते. हा आकडा लिहावा की नाही यावर आपल्या उलेमांमध्येच मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. पण नोटेवरचा आकडा कुणी श्रद्धेने टाकत नाही, यंत्र ओळीने छापत जातं. म्हणजे दर हजार नोटांमागे एक नोट शेवटी 786 घेऊन बाहेर पडणारच. देशात नोटा किती आहेत याचा विचार केला तर अशा नोटा घराघरात असणार, आणि आहेतच. हौशी माणूस कोऱ्या करकरीत नोटेला थोडे जास्त देतो. पिठाच्या डब्यातल्या नोटेला कोणी लाख देत नाही.

वैष्णोदेवीचं नाणं 2012 सालचं आहे. देवस्थान मंडळाला 25 वर्षं झाली म्हणून 5 आणि 10 रुपयांची नाणी चलनात आणली गेली. अशी स्मारक नाणी आपल्याकडे 1964 पासून निघतात, पहिलं पंडित नेहरूंचं. त्यानंतर गांधीजी, डॉ. आंबेडकर, शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक. मौलाना आझादांच्या 125 व्या जयंतीचंही 5 रुपयांचं नाणं आहे, पण त्याच्या लाखांच्या जाहिराती माझ्या पाहण्यात नाहीत. मौलानांच्या नावाने नवस बोलत नाहीत, म्हणून असेल. फसवणाऱ्याला नाण्यांचं ज्ञान लागत नाही, कोणाची श्रद्धा कशावर आहे एवढं कळलं की पुरे. बाजीकडे दोन्ही वस्तू एकाच पिशवीत निघाल्या, कारण व्हिडिओवाल्याने मशीद आणि मंदिर दोन्हीकडे जाळं टाकलं होतं.

व्हिडिओत आणखी एक गंमत असते. "सालाखाली चांदणी असेल तर नाणं दुर्मिळ." सालाखाली चांदणी म्हणजे हैदराबादची टाकसाळ. चौकट आकाराची खूण मुंबईची, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. नाणं कुठे पाडलं त्याचा तो पत्ता आहे. आमच्या बाजूला हैदराबाद जवळ, त्यामुळे खिशात हात घातला की चांदणी सापडते.

आता जुनेपणाबद्दल. जुनं म्हणजे महाग, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. इतिहास पाहिला तर गोष्ट उलटी निघते. 'सिक्का' हा अरबी शब्द, मूळ अर्थ नाणं पाडायचा ठसा. मोगल काळात बादशहाच्या चालू वर्षाचा ताजा रुपया सिक्का म्हणून पूर्ण किमतीला चाले. मागच्या वर्षांचा रुपया 'चलनी', आधीच्या बादशहाचा 'खजाना', आणि या दोन्हींवर सराफ बट्टा कापायचा. बंगालमध्ये हा बट्टा वर्षभराने शेकडा 3 आणि पुढे 5 पर्यंत जाई. रुपया हातोहात फिरून झिजतो, चांदी कमी होते, हे त्यामागचं कारण. सराफांचा फायदा हे दुसरं. शेतकऱ्याच्या हातात जुना रुपया आला की तो नुकसानीत.

यावर ईस्ट इंडिया कंपनीने शोधलेला उपाय मला नेहमी हसवतो. तिने नाण्यावरचं सालच गोठवलं. शाह आलम दुसरा याच्या 19 व्या जुलूस वर्षाचा, म्हणजे साधारण 1777-78 चा शिक्का त्या रुपयांवर 1835 पर्यंत उमटत राहिला. बादशहा 1806 मध्ये वारला, तरी रुपया 19 सनाचाच. पुण्यातही पेशव्यांच्या अंकुशी रुपयावर फारसी मजकूर आणि मोगल बादशहाचंच नाव. लोक ही नाणी घेऊन येतात, मी 'जुलूस मैमनत मानूस' वाचून दाखवतो आणि त्यांना वाटतं ताजमहालातून काही निघालं. पुढे इंग्रजांनीही हीच युक्ती वापरली. राणीच्या रुपयावरचं 1862 साल 1874 पर्यंत पाडत राहिले. म्हणून 1862 चा रुपया आज ढिगाने मिळतो.

तांब्याच्या शिवराईचंही तसंच. महाराजांच्या नावाचं नाणं, तीनशे वर्षांपूर्वीची परंपरा, पण पेशवाईभर आणि त्यानंतरही ती इतकी पाडली गेली की पुण्याच्या जुन्या बाजारात साधी झिजलेली शिवराई गोणपाटावर मांडलेली दिसते.

मग महाग काय असतं? जे थोडं उरलं, चांगल्या अवस्थेत उरलं, आणि जे हवं असणारी माणसं आहेत, ते. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड दिसली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमानांनी ओरड केली, हिंदूंनाही ते खपलं नाही. सुमारे 94 लाख रुपये पाडले होते, त्यांतले 7 लाखांच्या आसपास बाहेर गेले होते. बाकीचे वितळवले आणि 1912 मध्ये हत्तीला नीट सोंड दिली. आजही संग्राहक या 'डुकराच्या रुपया'ला इतर सालांपेक्षा जास्त किंमत देतात. इथेही धर्म आहेच, पण किंमत ठरली ती वितळलेल्या नाण्यांमुळे.

किंवा हजच्या नोटा. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी 10 आणि 100 रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी 'एचए' अक्षरं. त्या भारतात चालत नसत. हाजी त्या तिकडेच खर्च करून येत, घरी उरायच्याच नाहीत. लंडनच्या लिलावात अशी नोट लाखांत गेली आहे. पण ती आपल्याला भाजीवाल्याने सुट्ट्यात दिलेली असणं शक्य नाही.

कारण सुट्ट्यात येतं काय? स्टीलची नाणी, जी कोट्यवधींनी पडतात. 25 पैसे आणि त्याखालची नाणी तर 30 जून 2011 पासून बादच झाली. 50 पैसे कायद्याने अजून चालतात, दुकानदार घेत नाही हा भाग वेगळा. टाकसाळीची खरीखुरी चूक, म्हणजे दोन्ही बाजूंचे ठसेच भलते लागले, असं एखादं नाणं हौशी माणूस घेईल. पण त्यासाठी आधी ते प्रदर्शनात किंवा जाणत्या व्यापाऱ्याला हातात घेऊन दाखवावं लागतं. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही आणि तिच्या नावाने घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. बाजीला आलेल्या पत्रावर मात्र बँकेचा शिक्का ठसठशीत होता.

हे सगळं मी तिला समोर बसून सांगितलं. पैसे गेले ते गेलेच. मी तिच्यासोबत जाऊन तक्रार लिहून दिली, अजून काही झालेलं नाही. ती ऐकत होती, मग उठली आणि आतून एक रुमाल घेऊन आली. त्यात सासूने दिलेला चारमिनारचा रुपया होता. हाली सिक्का. निजामाचा रुपया, 'हाली' म्हणजे चालू. हे चालू नाणं 1959 मध्ये कायमचं बंद झालं. आमच्याकडे म्हातारी माणसं इंग्रजी रुपयाला अजून 'कलदार' म्हणतात, यंत्रावर पाडलेला म्हणून. 7 हाली दिले की 6 कलदार मिळत, कारण हालीत चांदी जरा कमी.

हा व्हिडिओवाल्याला का दाखवला नाही, मी विचारलं. म्हणाली, त्यात याचं चित्र नव्हतं.

मी वाचून दाखवलं, निजामुल्मुल्क आसफजाह, जर्ब हैदराबाद. सांगितलं की पिशवीतल्या दोन्ही वस्तूंपेक्षा हा जास्तीचा आहे, सराफ तोलून चांदीचा भाव देईल, संग्राहक कदाचित थोडा वर. घासू नका, चिंचेने तर मुळीच नाही. "तो बेच दूं क्या?" तिने विचारलं आणि माझ्या उत्तराआधीच रुमालाला गाठ मारली. "ननंद को पूछना पडता. उसका भी हिस्सा है इसमें."