ताबा, संपादन आणि एक पत्र्याचा डबा

डोंबिवलीहून काटई-बदलापूर रस्त्याने निघालं की नेवाळी नाका लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने इथल्या गावांची शेतं घेऊन विमानांसाठी धावपट्टी केली. युद्ध संपलं, विमानं गेली, जमीन सरकारकडेच राहिली. शेतकरी मात्र तिच्यावर भात लावत राहिले. २२ जून २०१७ रोजी नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून इथे उद्रेक झाला. गाड्या जळल्या, पोलिसांच्या छऱ्यांनी माणसं जखमी झाली.

त्या दिवसांत जो तो 'जमीन संपादित झाली होती' किंवा 'जमीन ताब्यात घेतली होती' असं म्हणत होता, जणू दोन्हीचा अर्थ एकच. माझा शोध तिथून सुरू झाला. मी वकील नाही. नोकरी सांभाळून मोडी शिकलो आणि महसुली कागद वाचायची सवय लागली, एवढंच.

संपादन म्हणजे मालकी कायमची जाणे. ताबा म्हणजे वापर जाणे, मालकी राहणे. युद्धकाळात १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखाली जे नियम होते, त्यांतल्या ७५-अ या नियमात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसवल्या होत्या. सरकारने आधी मालमत्ता ताब्यात घ्यायची आणि पुढे वाटलं तर मालकाला नोटीस देऊन किंवा राजपत्रात छापून ती कायमची घ्यायची. म्हणजे सगळा फरक त्या दुसऱ्या कागदाचा. तो निघाला असेल तर भांडण मोबदल्याचं. नसेल तर जमीन परत मिळण्याचं. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला. १९७० च्या दुरुस्तीने जुन्या ताब्यांना मुदत घातली आणि ती वाढत वाढत १९८७ पर्यंत गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मुंबईतल्या एका सदनिकेच्या खटल्यात बजावलं, की ताबा हा तात्पुरताच असतो, त्याच्या आडून संपादन करता येत नाही.

हे सगळं ज्याच्या कामाचं, त्याच्यापर्यंत पोचतं कधी? उशिरा. आमच्याच घरचं सांगतो. आजोबांचा शेताचा तुकडा रस्त्यासाठी गेला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात निवाड्याची रक्कम 'हरकत राखून' घेतली तरच कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाता येत असे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे. आजोबांनी कारकुनाने दाखवलेल्या जागी सही केली. शेजाऱ्याने सहीच्या वर ते दोन शब्द लिहिले, कारण त्याच्या मेहुण्याने एका वकिलाकडे नोकरी केली होती. शेजाऱ्याला वाढ मिळाली. आजोबा मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत, आणि चूक शेजाऱ्याची नव्हती. पुढे १९८४ मध्ये कलम २८-अ आलं. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कोणाला न्यायालयाने वाढ दिली, तर गप्प बसलेल्यालाही तीन महिन्यांत अर्ज करता येऊ लागला. दिलासा रक्कम पंधरा टक्क्यांवरून तीस झाली. २०१३ च्या कायद्याने ती शंभर टक्के केली. आजोबांच्या उपयोगाचं यातलं काहीच नव्हतं.

नेवाळीकडच्या एका गावातले एक वृद्ध गृहस्थ गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. "दादा, यातलं वकिलाला काय चालेल ते काढून द्या," म्हणाले. आत सारा भरल्याच्या मोडीतल्या पावत्या होत्या, सगळ्या युद्धापूर्वीच्या. मी त्या वाचून दाखवल्या. जमीन आधी कोणाची होती हे त्यांतून कळतं. ती कशी गेली हे नाही. त्यासाठी जुने फेरफार हवेत, राजपत्राचे त्या वर्षांचे खंड हवेत, आणि ते चाळायला वेळ असलेला वकील हवा.

वकिलाची फी त्यांना झेपणारी नव्हती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, पण पुरुष खातेदाराला त्यासाठी बहुधा उत्पन्नाच्या मर्यादेत बसावं लागतं, आणि यांचा मुलगा नोकरीला. स्त्रीला मात्र उत्पन्न कितीही असलं तरी ही मदत मिळते. तुम्हाला बहीण आहे ना, मी विचारलं, तिच्या नावाने अर्ज करता येईल.

ते डब्याचं झाकण लावत राहिले. मग म्हणाले, "तिचं हक्कसोडपत्र आम्ही कधीच करून घेतलंय."