मुलांचे लिव्हर आणि पितळी भगुणे

पूर्वी लेकुरवाळ्या घरी फडताळात दोन-तीन बाटल्या हमखास असत. वुडवर्डचे ग्राइप वॉटर, डोंगरे बालामृत, आणि मुलाचे पोट पुढे आले की मद्रासचे जम्मी लिव्हर क्युअर. मंडळातल्या वयस्क भगिनींना ‘लिव्हर झालंय’ हे शब्द आठवतील. एक ते तीन वर्षांचे मूल, हातापायांच्या काड्या, यकृत दगडासारखे घट्ट. मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत सारे संपे. एकाच घरात दुसऱ्या मुलालाही तेच होई, म्हणून लोक घराण्याचा शाप म्हणत.

माझ्या आजीचे दोन मुलगे असे गेले. पहिल्यानंतर सासरी ठरले, हिच्याच दुधात दोष आहे! म्हणून दुसऱ्याचे तिसऱ्या महिन्यातच अंगावरचे तोडले आणि त्याला गाईच्या दुधावर ठेवले. ते दूध पितळी भगुण्यात तापे व रात्रभर त्यातच राही. बाटल्या चालूच होत्या.

बाटलीवर लिव्हर छापले म्हणजे ती लिव्हरची होतेच असे नाही. अमेरिकेत ‘कार्टर्स लिटल लिव्हर पिल्स’ खपत, त्या निघाल्या जुलाबाच्या. सरकारशी सोळा वर्षे वाद चालला, तेव्हा १९५९ साली नावातला लिव्हर गेला.

आपल्या मुलांचा उलगडा पुण्यास झाला. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी मुलांच्या घरी दूध कशात तापते याची चौकशी केली. या मुलांच्या यकृतात तांबे फार साठलेले असे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई उडालेल्या भांड्यात दूध तापवून ठेवले की तांबे दुधात उतरते. आईच्या दुधात ते अगदी थोडे. हे त्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. पुढे तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन वेळेवर मिळाल्याने काही मुले वाचलीही.

म्हणजे आजीचे दूधच निर्दोष होते.

स्टील आले, कल्हईवाल्याची हाळी थांबली, आणि हा आजारही दिसेनासा झाला. हल्ली पितळेची हौस पुन्हा आली आहे. भगुण्यात फुले ठेवा, पण बाळाचे दूध स्टीलमध्येच तापवा.