तोत्तोरी

जपानमधील तोत्तोरी प्रांताची राजधानी. लोकसंख्या सुमारे १,८८,००० (२०२०). होन्शू बेटाच्या पश्चिम भागात, जपान समुद्राच्या काठी, सेंदाई नदीच्या खोऱ्यात हे शहर वसले आहे. जपानच्या ४७ प्रांतांत सर्वांत कमी लोकवस्तीचा प्रांत तोत्तोरी हाच. त्यामुळे राजधानी असूनही येथे गजबज नाही. ताजी मासळी व ओन्सेन (गरम पाण्याचे झरे) ही शहराची खरी संपत्ती होय.

इतिहास : १५८१ मध्ये सेनानी हिदेयोशीने येथील किल्ल्याला वेढा घालून रसद तोडली. अन्नावाचून तडफडणाऱ्या लोकांचे प्राण वाचवण्यासाठी किल्लेदार किक्कावा त्सुनेइए याने आत्मबलिदान केले. पुढे इकेदा घराण्याच्या अमलाखाली शहर वाढले. १८८९ मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला. १० सप्टेंबर १९४३ च्या भूकंपात हजारावर माणसे दगावली आणि एप्रिल १९५२ च्या आगीत हजारो घरे जळाली. जुन्या वास्तू म्हणूनच थोड्या उरल्या आहेत. क्यूशो डोंगरावरील किल्ल्याचे अवशेष आणि त्याच्या पायथ्याची जिंपूकाकू ही पाश्चात्त्य शैलीची पांढरी वास्तू (१९०७) त्यांपैकी महत्त्वाच्या.

मासळी : नदीमुखाजवळचे कारो बंदर हे मासळीचे केंद्र. हिवाळ्यातला मानाचा जिन्नस म्हणजे मात्सुबा खेकडा, अर्थात पूर्ण वाढलेला नर हिमखेकडा. त्याची मासेमारी ६ नोव्हेंबरला सुरू होते व मार्चपर्यंत चालते. खोल समुद्राच्या तळावरून ट्रॉलर तो ओढून आणतात. पायांचे मांस उकडून, भाजून, कच्चे किंवा भाज्यांबरोबर रश्शात शिजवून खातात. कवचातला गर रसिक आवडीने चाखतात. १.२ किलो वजन, १३.५ सेंमी रुंद कवच, सर्व पाय शाबूत अशा कसोट्यांना उतरणाऱ्या मोजक्या खेकड्यांना ‘इत्सुकिबोशी’ हा मान मिळतो. २०१९ मध्ये असा एक खेकडा लिलावात ५० लाख येनला गेला. सामान्य घरांत मात्र लहान, स्वस्त मादी अधिक शिजते. अंड्यांनी भरलेल्या मादीचे मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेले सार हे नोव्हेंबर-डिसेंबरातले घरगुती सुख.

मोसाएबी ही गोड चवीची कोळंबी फार लवकर खराब होते, म्हणून ती दूरच्या बाजारात सहसा पोहोचत नाही. ती खावी तर येथेच. उन्हाळ्यात खडकावरची मोठी कालवे आणि पांढरे माकूल येतात. मासळी महाग असण्याच्या काळात इकेदा राजवटीने टोफू खाण्यास उत्तेजन दिले, असे सांगतात. टोफूत थोडे मासे मिसळून वाफवलेले चिकुवा आजही येथील रोजच्या खाण्यात आहे.

ओन्सेन : १९०४ मध्ये विहीर खणताना शहराच्या भरवस्तीत गरम पाणी लागले. रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर त्या पाण्याची स्नानगृहे आहेत. प्रांतिक राजधानीच्या मध्यभागी अशी सोय जपानमध्ये विरळाच. कामावरून परतणारे रहिवासीही तेथे येतात, हे या स्नानाचे मोठेपण. कुंडात उतरण्यापूर्वी साबणाने अंग स्वच्छ धुवावे लागते, कपडे घालून उतरत नाहीत आणि छोटा पंचा पाण्यात बुडवत नाहीत. २००४ च्या विलीनीकरणानंतर शिकानो व हामामुरा ही ओन्सेन-गावेही शहराच्या हद्दीत आली. शेजारच्या इवाई ओन्सेनमध्ये गाणी म्हणत डोक्यावर पळीने गरम पाणी ओतण्याची जुनी प्रथा आहे.

इतर आकर्षणे : सेंदाई नदीने समुद्रात नेलेली वाळू लाटा व वारा किनाऱ्यावर परत आणून टाकतात, त्यातून पूर्व-पश्चिम सुमारे १६ किमी पसरलेल्या वाळूच्या टेकड्या तयार झाल्या. १९५५ मध्ये त्यांना नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. टेकड्या गवताखाली झाकल्या जाऊ नयेत म्हणून स्वयंसेवक तण उपटतात. ऑगस्टमध्ये घुंगुर लावलेल्या रंगीत छत्र्यांच्या नृत्याचा शानशान उत्सव होतो.

ओसाकाहून ‘सुपर हाकुतो’ गाडीने सुमारे अडीच तासांत येथे पोहोचता येते. खेकड्यासाठी हिवाळा उत्तम. मात्र त्या दिवसांत हिमवृष्टीची शक्यता असते, तेव्हा उबदार कपडे व एखादा मोकळा दिवस हाताशी ठेवावा. टेकड्या पाहायच्या असतील तर वसंत किंवा शरद ऋतू अधिक सोयीचा.