रंगमंदिरांतील कर्णा दिवाणखान्यांत

हजार पानांच्या पंगतीसाठीं शिजविलेलें अन्न चौघांना वाढलें, तर तें बिघडत नाहीं. फार तर उरतें. ध्वनीचें मात्र तसें नाहीं. चित्रगृहासाठीं अथवा मैदानांतील जलशासाठीं घडविलेला लाउडस्पीकर घरांतल्या बारा फुटी खोलींत आणून ठेवला, म्हणजे तो कधीं अपूर्व सुख देतो, तर कधीं घरधन्यास पस्तावयास लावतो. असें कां होतें, आणि रंगमंदिरांतून दिवाणखान्यांत येण्याचा हा प्रवास कसकसा घडला, हें आज सांगावयाचें आहे.

आरंभीं वाट उलटी होती. १९१५ सालीं कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं पीटर जेन्सेन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनीं घरगुती फोनोग्राफाच्या कर्ण्याला विजेवर चालणारें आपलें यंत्र जोडलें, आणि माणसाचा आवाज दूरवर ऐकूं जाऊं लागला. १९१९ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन डिएगो येथें सुमारें ५०,००० लोकांपुढें भाषण केलें, तें त्यांच्याच यंत्रांतून. म्हणजे घरचा कर्णा आधीं सभेंत गेला. सभेंतला कर्णा घरांत आला तो मागाहून.

१९२५ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील राइस आणि केलॉग यांनीं कर्ण्याला रजाच दिली. चुंबकाच्या पोटांत तारेचें वेटोळें, त्याला जोडलेला कागदाचा शंकू, आणि तो शंकू सरळ खोलींतील हवेला हलवितो. आजच्या बहुतेक घरांतील पेट्या याच वंशांतल्या आहेत. सोय मोठी झाली, पण तिची किंमतही द्यावी लागली. हवा इतकी हलकी कीं उघड्या शंकूला तिच्यावर जोर धरतांच येत नाहीं. विजेच्या शंभर भागांतील जेमतेम एक भाग ध्वनि होऊन बाहेर पडतो. बाकीचे सारे वेटोळें तापविण्यांत खर्ची पडतात. उलट, लहानशा पडद्यापुढें अरुंद गळा ठेवला, म्हणजे तेथें कोंडलेली हवा पडद्याला टेकण देते, आणि ती लाट हळूहळू रुंदावत जाणाऱ्या कर्ण्यांतून बाहेरच्या हवेंत सुखानें उतरते. आपल्या तुतारीचें मर्म हेंच आहे. बेल प्रयोगशाळेंतील वेंट आणि थुरास यांनीं १९२६ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिकसाठीं जें ५५५ क्रमांकाचें यंत्र सिद्ध केलें, तें शेंकडा पंचवीसांहून अधिक वीज ध्वनींत उतरवीत असे. त्या काळचे व्हॉल्व्ह दहा-पांच वॅटच देत. तेवढ्यांत हजार खुर्च्यांचें चित्रगृह भरावयाचें, तर कर्ण्यावांचून गत्यंतरच नव्हतें. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ झळकला, आणि पुढील वर्षीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलूं लागला, तेव्हां आपल्याकडील प्रेक्षकांना विजेच्या या नव्या वाणीची ओळख झाली.

आतां एक गोष्ट जरा विस्तारानें सांगतों, कारण घरीं असे कर्णे बसविणाऱ्यांना ती पदोपदीं आठवावी. हॉलिवुडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेंत डग्लस शिअरर हे ध्वनिविभागाचे प्रमुख होते आणि जॉन हिलियर्ड हे त्यांचे अभियंते. एलिनॉर पॉवेल या नर्तकीच्या बुटांची टकटक मोठ्या लाउडस्पीकरांतून ऐकतांना त्यांना प्रत्येक ठोका दुहेरी भासूं लागला. मुद्रणांत दोष नव्हता. खालच्या स्वरांचा कर्णा घड्या घातलेला व लांब, वरच्या स्वरांचा आंखूड. एकाच ठोक्याचे दोन भाग वेगवेगळ्या लांबीच्या वाटांनीं येत होते. ध्वनि सेकंदाला सुमारें ११०० फूट चालतो. वाटेंत ८ फुटांचा फरक पडला, तर सुमारें सात सहस्रांश सेकंदाचा उशीर होतो. एवढासा उशीर! पण टकटकीसारख्या तीक्ष्ण आवाजांत कान तो पकडतो. मग या मंडळींनीं जेम्स लान्सिंग या कारागीर-संशोधकाच्या साह्यानें दोन्हीं वाटा सारख्या राहतील अशी नवी रचना केली. १९३६ सालच्या या शिअरर कर्ण्याला हॉलिवुडच्या अकॅडमीनें शास्त्रीय गुणवत्तेचा मान दिला, आणि चित्रगृहांतील ध्वनीचें तें दीर्घकाळ प्रमाण होऊन बसलें.

लान्सिंगचें चरित्र उदास करणारें आहे. १९४१ सालीं त्याची कंपनी आल्टेकनें घेतली, तेथेंच १९४५ मध्यें ‘व्हॉइस ऑफ दि थिएटर’ ही प्रसिद्ध मालिका निघाली. पुढील वर्षीं त्यानें पुन्हां स्वतःचा उद्योग मांडला, आणि कर्जाच्या ओझ्याखालीं १९४९ मध्यें आत्महत्या केली. जे. बी. एल. हीं त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें पुढें जगभर गाजलीं, तीं पाहावयास तो उरला नव्हता.

घरांत कर्णा आणावयाचा, तर खरा शत्रू म्हणजे खर्ज. सेकंदाला ४० कंपनांच्या स्वराची एक लाट २८ फूट लांब असते, आणि तिला न्याय देणाऱ्या कर्ण्याचें तोंड दिवाणखान्याच्या भिंतीएवढें होऊं लागतें. या अडचणींतून भिंतीलाच कर्णा बनविण्याची युक्ति निघाली. इंग्लंडांत चित्रगृहांसाठीं कर्णे करणाऱ्या पॉल फॉइग्टनें घराच्या कोपऱ्यांत उभा करावयाचा कर्णा १९३४ च्या सुमारास तयार केला, आणि अमेरिकेंत पॉल क्लिप्शनें १९४६ सालीं आर्कान्सांतील होप या गांवीं आपल्या ‘क्लिप्शहॉर्न’चा उद्योग मांडला. कोपऱ्यांतील दोन भिंती आणि जमीन हाच तेथें कर्ण्याचा शेवटचा भाग. मला ही कल्पना चतुर सुगरणीच्या काटकसरीसारखी वाटते. १९५४ च्या जे. बी. एल. ‘हार्ट्सफील्ड’मध्यें तर चित्रगृहाच्या दर्जाचींच यंत्रें सुबक लांकडी कपाटांत बसविलीं होतीं. ‘पॅरॅगॉन’ १९५७ चा; सुमारें नऊ फूट रुंद! आपल्याकडे त्याच्यापुढें बसावयास जागा कोठून आणावी, हा प्रश्न निराळा.

पण त्याच १९५४ सालीं एडगर विल्चर यांनीं बंद पेटींतील कोंडलेल्या हवेचीच कमान करून लहान पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. १९५८ पासून स्टीरिओच्या तबकड्या आल्या आणि कोपऱ्यांतील एका धुडाऐवजीं दोन धुडें ठेवण्याची पाळी आली. पुढें ट्रान्झिस्टरनें वीज स्वस्त केली. शंभर भागांतील नव्याण्णव वायां गेले, तरी कोणास खंत उरली नाहीं. कर्णे मागें पडले, तें बहुतेक या तीन कारणांनीं. देवघेव मात्र थांबली नाहीं. लान्सिंगचा डी १३० हा पंधरा इंची शंकू विजेच्या गिटारींतून पुन्हां जलशांत गेला. १९७४ सालीं ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदानें लाउडस्पीकरांची जी प्रचंड भिंत रचली, तिला वीज पुरविणारे अँप्लिफायर घरगुती संगीतासाठीं नांवाजलेल्या मॅकिंटॉश कंपनीचे होते. आणि जपानांतील जॅझच्या कॉफीगृहांनीं आल्टेक व जे. बी. एल. यांचीं मोठीं यंत्रें, इतरत्र त्यांची किंमत उतरली तेव्हांही, भक्तिभावानें चालू ठेवलीं.

आतां आजच्या घराकडे वळूं. माझा एक जुना विद्यार्थी लग्नसमारंभांतील ध्वनिव्यवस्थेचें सामान विकणाऱ्याकडून पंधरा इंची शंकू आणि कर्णे घेऊन आला, स्वतः पेट्या बांधल्या, आणि आठवड्यानें तक्रार घेऊन माझ्याकडे आला : “मास्तर, मैदानावर यानें छाती हादरते, घरीं डग्ग्याचा घुमाराच नाहीं!” त्याची समजूत अशी कीं मोठा शंकू म्हणजे मोठा खर्ज. पण जलशाचा शंकू हलका आणि ताठ ठेवलेला असतो; त्यानें शेंकडों वॅटांचा मार सोसावा आणि दूरवर पोंचावें, एवढ्यासाठीं त्याचा जन्म. लहान पेटींत ७०-८० कंपनांखालीं तो झपाट्यानें क्षीण होतो, आणि काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ कंपनांचा! मैदानावर त्या कामासाठीं निराळ्या प्रचंड पेट्या असतात, हें त्यानें पाहिलें होतें, पण मोजलें नव्हतें. दुसरी पीडा सूक्ष्म आहे. एका वॅटला शंभर डेसिबेल देणारें यंत्र साध्या सत्याऐंशी डेसिबेलच्या पेटीहून वीस पट कमी विजेंत तेवढेंच बोलतें. तेव्हां अँप्लिफायरची जी सरसर एरवीं कानीं येत नाहीं, तीही तें इमानानें मोठ्यानें ऐकवितें. शिवाय कर्णा आणि शंकू यांचे आवाज एकजीव व्हावयास कांहीं अंतर लागतें. सहा फुटांवर बसणाऱ्याला ते निरनिराळे ऐकूं येतात.

मग हा खटाटोप करावा कशासाठीं? माझ्या मतें एकाच गोष्टीसाठीं : तबल्याची थाप. साध्या पेटींत ती दबून येते, कारण जोराच्या क्षणीं वेटोळें तापतें आणि शंकू धांपा टाकतो. मोठ्या यंत्राला घरांतील आवाज म्हणजे चालतां चालतां केलेलें काम. थाप जशी पडली तशी येते, आणि हळू आवाजांतही येते, ज्यानें शेजाऱ्यांचीही झोंप मोडत नाहीं.

त्या विद्यार्थ्यानें अखेर शंकूसाठीं दुप्पट आकाराच्या पेट्या केल्या, खर्जासाठीं एक निराळी पेटी घेतली, आणि कर्ण्याच्या वाटेवर रोधक घालून सरसर कमी केली. शंकू आणि कर्णा यांतील उशीर, ज्यासाठीं हिलियर्डना नवे कर्णे घडवावे लागले, तो त्यानें अंकांवर चालणाऱ्या एका छोट्या यंत्रांत बटण दाबून जुळविला. त्यासाठीं फीत घेऊन अंतरें मात्र त्याला स्वतःच मोजावीं लागलीं. त्यांत त्याचा एक रविवार गेला.