स्त्री जननेंद्रिय छेदन : सेनेगलच्या गावांनी काढलेली वाट

वैद्यकीय कारण नसताना मुलीच्या जननेंद्रियाचा बाहेरील भाग थोडा किंवा पूर्ण कापून टाकणे म्हणजे स्त्री जननेंद्रिय छेदन. येथे 'सुंता' हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला आहे. तो वापरला की इजा किरकोळ वाटू लागते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा कायमचा त्रास, बाळंतपणात धोका असे परिणाम होतात. आरोग्याला फायदा एकही नाही. युनिसेफच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार जगात २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया यातून गेल्या आहेत.

मग आईच मुलीला का नेते? पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलमध्ये याचे उत्तर मिळाले. तेथे 'टोस्टन' ही संस्था १९९१ पासून खेड्यांत लोकांच्याच भाषेत आरोग्य व मानवी हक्कांचे वर्ग चालवते. वर्गात शिकलेल्या मालिकुंडा बांबारा गावच्या बायकांनी ३१ जुलै १९९७ रोजी पत्रकारांसमोर प्रथा सोडल्याचे जाहीर केले. त्यावर भरपूर टीका झाली.

खरी अडचण ओळखली ती देंबा दियावारा या वयस्क इमामांनी. सोयरीक दहा गावांत होते. एकट्या गावाने प्रथा सोडली तर त्याच्या मुली कोण करणार? आईला भीती होती ती हीच. म्हणून ते पायी गावोगाव फिरले, नातेवाइकांशी बोलले. कोणाला दोष दिला नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये जाबुगू येथे १३ गावांनी एकत्र निर्णय जाहीर केला. बंदीचा कायदा जानेवारी १९९९ मध्ये, म्हणजे नंतर आला. प्रथा अजून पूर्ण संपलेली नाही, पण एकेका घराला न जमणारे सोयऱ्यांच्या गावांना मिळून जमले, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

हा प्रश्न आफ्रिकेपुरता नाही. मुंबईसह भारतातील दाऊदी बोहरा समाजात साधारण सात वर्षांच्या मुलींची 'खतना' किंवा 'खफ्ज' होते. भारतात याविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २०१८ मध्ये ती पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवली गेली. येथे ही गोष्ट घरातल्या बायकांतच, गुपचूप उरकली जाते. त्यामुळे २०१५ मध्ये पाच महिलांनी सुरू केलेल्या 'सहियो' संस्थेने आधी बोलण्यावर भर दिला : बोहरा स्त्रिया स्वतःचे अनुभव लिहून, सांगून समाजापुढे ठेवू लागल्या.