दोन स्वरांमधला सांधा

पिंपरी-चिंचवडच्या कामगारास सांध्याचे महत्त्व सांगावयास नको. पत्रे कितीही सुबक कापले तरी वेल्डिंग कच्चे राहिले की माल परत येतो. वाद्यांचेही तसेच आहे. यंत्राने वादकाची जागा कशी घेतली हा इतिहास आम्ही या सांध्याच्याच बाजूने पाहतो.

आपल्याकडे हा वाद प्रथम पेटीवरून झाला. पेटीचा प्रत्येक स्वर सुटा. एका स्वरावरून दुसऱ्यावर ओघळत जाणारी मींड तिला येत नाही. ही उणीव काढून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ती उणीव बोटांच्या कसबाने पुष्कळ झाकली होती. पण झाकली म्हणजे गेली नव्हे.

१९६३ साली इंग्लंडात मेलोट्रॉन निघाले. प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा एकेक स्वर, आठेक सेकंदांचा. तेथील वादकांच्या संघटनेने विरोध केला. तो अगदीच अनाठायी नव्हता. मुंबईच्या स्टुडिओंत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोमंतकीयांनी बांधलेल्या व्हायोलिनच्या रांगा पुढे कीबोर्डाने विरळ केल्या. त्या कीबोर्डाचा सांधा कच्चाच होता. दर स्वराला जणू गज नव्याने टेकल्याचा धक्का बसे. निर्मात्यांना तो चालला! काम चांगले झाल्यावर माणूस जातो असे थोडेच आहे? स्वस्त झाले की जातो.

सांधा पक्का झाला तो पुढे, व्हिएन्नात. हर्ब टुक्मांडल या चेलोवादकाने २००० नंतर नुसते स्वर नव्हे, तर स्वरापासून स्वरापर्यंतचा प्रवासच मुद्रित करविला. एका स्वरापासून सप्तकाच्या आत वर बारा आणि खाली बारा, अशा चोवीस वाटा. मग दुसरा स्वर, तिसरा, पुन्हा हळू आणि जोरकस. आता पट्टी दाबली की यंत्र मागचा स्वर पाहते आणि नेमकी ती वाट मध्ये बसविते.

म्हणजे सांध्यासाठी यंत्राला पुन्हा वादकाच्याच दारी यावे लागले. मजुरी मात्र बैठकीची, आणि वापर कायमचा! आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कलावंतास व्यापारी वापरावर स्वामित्वधन मिळण्याचा हक्क दिला आहे. परंतु गजाची अर्ध्या सेकंदाची सरक हा ‘प्रयोग’ ठरतो काय, हे त्या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही.